उशिराचं आमेन

आमच्या मंडळीत सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणायचे दिवेवाले काका. आमच्या कोळसाखाणीच्या बेल्लमपल्लीत झोपलेलं लेकरू दचकवणारे आवाज दोनच, एक खाणीचा भोंगा आणि दुसरं काकांचं आमेन. पाळकसाहेबांची प्रार्थना संपायच्या आधीच ते काकांच्या घशात तयार असायचं, आणि एकदा सुटलं की बाकी सगळ्यांचं त्याच्यामागून, इंजिनामागून डबे निघावेत तसं. आम्ही पोरी तोंडाला रुमाल लावून हसायचो. त्या सगळ्या आवाजांत एक आवाज नसायचा, माझ्या आईचा. त्याला मात्र कोणी हसत नव्हतं.

काकांना दिवेवाले म्हणायचे, कारण ते खाणीवर दिवे द्यायच्या खोलीत कामाला होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावर लावायचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. दिवा जागेवर आला म्हणजे माणूस वर आला. नाही आला, तर माणूस अजून खाली. मधलं काही नाही. माणूस चांगला होता हो, उगाच नाही म्हणत मी. माझे बाबा खाली छताला लाकडाचे टेकू लावायच्या कामावर होते, त्यांना वर यायला कधीकधी उशीर व्हायचा. मग काका स्वतःची पाळी संपली तरी घरी जायचे नाहीत, बाबांचा दिवा हातात येईपर्यंत थांबायचे. पण देवाच्या बाबतीतही त्यांचं गणित तेच. विश्वास आहे की नाही, तेवढं सांगा. मधलं काही नाही.

आमची मराठी मंडळी म्हणजे मोजकी घरं. कोणी बेल्याकडचं, कोणी राजुऱ्याकडचं, आजोबांच्या काळात बाप्तिस्मा घेतलेले, कापूस वेचता वेचता खाणीच्या नोकरीपायी इकडं आलेले. चर्च एकच होतं. सकाळी तेलुगू लोकांची उपासना, दुपारी आमची. सकाळच्या लोकांनी बाकं गरम करून ठेवलेली असायची, वरून पत्र्याचं छप्पर. आम्ही घामानं निथळत गाणी म्हणायचो. पण त्या गावात आमचं म्हणावं असं छप्पर तेवढंच होतं.

मला पाठचा भाऊ होता. शाळेच्या वयाला टेकलेला, भारी बडबड्या. त्याला मुदतीचा ताप आला आणि तो काही केल्या उतरेना. दवाखान्यात ठेवला. सगळ्या मंडळीनं उपास धरला. बाया स्वयंपाक आटोपून चर्चमध्ये येऊन बसायच्या, गडी पाळी संपवून थेट तिकडंच यायचे, कोळशाच्या तोंडानं. इतकी माणसं, एका पोरासाठी!

अशाच एका प्रार्थनेत काका उभे राहिले. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. म्हणाले, "प्रभूनं मले सांगतलं. लेकरू उठून बसंल."

आणि काय सांगू, दुसऱ्या सकाळी लेकरू खरंच उठून बसलं. पेज प्यायलं. चिक्की मागितली. बाबांनी निरोप धाडला आणि क्वार्टरच्या साऱ्या ओळीत आरडाओरडा झाला. मग आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू जाणोत. त्याच दुपारी उपकारस्तुतीची सभा ठेवली. पोरगं अजून खाटेवर, आणि इकडं देवाचे आभार मानून मोकळे! दोन दिवस थांबू, पोराला घरी येऊ देऊ, असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. थांबणं म्हणजे अविश्वास, असं होतं तेव्हा.

आई यायला तयार नव्हती. "डॉक्टर म्हणते, आणखी पाहू द्या," एवढंच तिचं. काका स्वतः दवाखान्यात आले. "वहिनी, साक्ष आईनंच द्या लागते. तुमीच नाही बोलल्या तर देवाचा मान कसा राहीन?" बाबा म्हणाले, मी बसतो खाटेपाशी, जा तू. ती गेली. मी तिचा पदर धरून शेजारी उभी होते. ती दोन वाक्यं बोलली आणि शेवटी आमेन म्हणाली. तसं आमेन मी जन्मात परत ऐकलं नाही. काकांचं त्यात बुडून गेलं. मला वाटलं, वरचा पत्रा थरथरला.

बाहेर आलो तर फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बाबा उभे होते. आत आले नव्हते. कधीपासून उभे होते कोण जाणे. आईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि चपला न घालता दवाखान्याकडं धावत सुटली. बाबा धावले नाहीत. त्यावरून मला कळलं.

चर्चच्या मागं कुंपणाला लागून आमच्या लोकांची दफनाची जागा होती. तिथं एका कोपऱ्यात त्याला ठेवलं.

लोकांना वाटलं, आता ही बाई चर्चची पायरी चढणार नाही. ती पुढच्याच रविवारी आली. बायांच्या बाजूला पहिल्या बाकावर, नेहमीच्या जागी बसली. चर्च झाडायचं काम तिचं होतं, तेही सोडलं नाही. प्रभुभोजनाचा रस, म्हणजे येशूची आठवण म्हणून चर्चमध्ये एकाच पेल्यातून सगळे पितात तो, आमच्या घरी व्हायचा, तोही होत राहिला. आमच्याकडं द्राक्षं कुठली! काळ्या मनुका आणायच्या, त्यांचे देठ काढायचे, भिजवून, गूळ घालून कल्हईच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवायच्या, पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. शनिवारी घरभर गोड वास. मला बोट बुडवायची मुभा नव्हती, त्यामुळं मी बुडवायचेच. आई रस करायची, पेला राखेनं घासून लखलखीत करायची, आणि रविवारी तोच पेला फिरत तिच्यापर्यंत आला की दोन्ही हातांनी घ्यायची, त्यात पाहायची, आणि ओठाला न लावता शेजारणीच्या हातात द्यायची.

प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे, तिचे उघडे. आता तुम्ही विचाराल, तुला कसं माहीत? तर माझेही उघडेच असायचे म्हणून. आणि शेवटी सगळं छप्पर आमेन म्हणायचं तेव्हा ती ओठ मिटून समोरच्या भिंतीकडं पाहत राहायची. वर्षानुवर्षं हे असं चाललं. मंडळीनं पहिल्यांदा समजून घेतलं, मग सवय झाली, मग ते खुपायला लागलं.

आईचा भाऊ, माझा मामा, मोठेपणी बौद्ध झालेला. बेल्याकडं मास्तर होता. तो एकदा आला आणि चहा पिताना म्हणाला, "ताई, काऊन जाते तिथं मान खाली घालून? आमच्याकडं ये. आमच्याकडं प्रश्न इचाराले कोणाची बंदी नाही."

आई म्हणाली, "बंदी नाही बाप्पा, पण तुमच्याकडं इचारू कोणाले?"

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. तिच्या त्या बोलण्यात काय होतं, ते मला फार नंतर कळलं.

मी चौदा-पंधराची झाले तसं माझं दृढीकरण ठरलं. म्हणजे लहानपणी आईबापांनी घेतलेली वचनं आता आपल्या तोंडानं म्हणायची आणि प्रभुभोजनाला बसायचं. त्याचे वर्ग काका घ्यायचे. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. तुझा विश्वास आहे काय? होय, माझा विश्वास आहे. आम्ही पाढ्यांसारखं म्हणायचो. घरी भाकरी थापणाऱ्या आईसमोर बसून मी पाठ करत होते, आणि मधेच मला काय वाटलं, मी तिला विचारलं, "आई, मले तर कधी वाटते देव आहे, कधी वाटते काहीच नाही. मंग होय कसं म्हणू?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "हाय तेवढं सांग. नसंल ते नको सांगू."

झालं! मी पडले आगाऊ. शनिवारी वर्गात काकांनी विचारलं तेव्हा मी उभी राहून सांगितलं, "काका, कधी असतो, कधी नसतो." पोरं खिदळली. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "हे तुह्या आईनं शिकवलं का?" मी म्हटलं, आईनं एवढंच सांगितलं की आहे तेवढंच बोल. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

पुढच्या रविवारी मंडळीच्या पंचांची सभा झाली, काका त्यांतले मोठे. काकांनी सांगितलं ते असं. ईस्टरपर्यंत आईनं मंडळीसमोर पेला घ्यावा आणि आमेन म्हणावं. नाही तर मनुकांचं काम दुसऱ्या घरी जाईल, पोरीचं दृढीकरण थांबेल आणि आईचं नाव मंडळीतून कमी होईल. आता नाव कमी होणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळणार. ज्याचं नाव कमी, त्याला कुंपणाजवळच्या त्या जमिनीत जागा नाही. आणि भावाच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. आई दर शनिवारी चर्च झाडून झालं की तेवढ्या तुकड्यावरचं गवत काढायची. का काढते, हे कोणाला सांगायला लागत नव्हतं.

मला असा राग आला की काय सांगू. मी घरी येऊन भांडी आपटली. म्हटलं, म्हणून टाक ना एकदाचं आमेन! एक शब्द तर आहे! नसंल मनात तरी म्हण!

आईनं माझ्याकडं पाहिलं. रागावली नाही. "तो शब्द खोटा नाही म्हणता येत पोरी," ती म्हणाली. "एकदा खऱ्यानं म्हटला, तरी असं झालं."

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पाळकसाहेब आमच्याकडं आले. म्हातारे, बारीक, बेल्याकडच्या शेतकऱ्याचे पोरगे. सायकलवर फिरून फिरून पायाच्या काड्या झालेल्या. आई ताटात मनुका घेऊन देठ काढत बसली होती. साहेब तिच्यासमोर खाली बसले आणि तेही देठ काढू लागले.

"बाई, पंचांचं आयकलं असंल."

"आयकलं. मनुका कोणाच्या घरी पोचवू, तेवढं सांगा."

"पोचवू नका अजून." साहेबांनी आणखी दोन-चार देठ काढले आणि म्हणाले, "शुक्रवारी चौथा शब्द तुमी घ्या."

आईचे हात थांबले. कोपऱ्यात विडी ओढत बसलेल्या बाबांनी विडी विझवली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्यात भर दुपारी तीन तासांची उपासना असते. (उत्तम कसला, आदिलाबादच्या उन्हाळ्यातला शुक्रवार तो!) येशू वधस्तंभावर सात वेळा बोलला, ते सात शब्द. एकेका शब्दावर एकेक माणूस उभं राहून बोलतं, शेवटी प्रार्थना करतं, आणि मंडळी आमेन म्हणते. तिसरा शब्द आईबद्दलचा, तो पाळकीणबाई घ्यायच्या. बाकीचे पंचांमध्ये फिरायचे. पण चौथा कोणालाच मिळत नसे. देवानं मला का सोडलं, असं येशू ज्यात विचारतो, तो तो शब्द. तो दरवर्षी पाळकसाहेब स्वतःकडं ठेवायचे. उगाच कोणी अर्धवट बोललं आणि प्रश्न तसाच उघडा राहिला तर काय घ्या!

"मले उपदेश येत नाही," आई म्हणाली.

"उपदेश कोण मागते? मी दर वर्षी त्या प्रश्नाचं उत्तर देतो. लोक माना हलवतात. मंग सायकलवर बसतो आणि घरी जाईपर्यंत मले वाटते, मी काऊन उत्तर दिलं? मले कोणी सांगतलं होतं?" साहेबांनी मनुकांचं ताट पुढं सरकवलं. "तो शब्द इतकी वर्षं तुमच्या घरी राहून राह्यला. तुमीच बोला."

आई बाबांकडं पाहू लागली. बाबा आयुष्यात चर्चमध्ये बोलले नव्हते आणि घरीही मोजकंच बोलायचे. म्हणाले, "बोल न. मीबी आयकतो. तू काय इचारत राहते त्याले, मले तरी कुठं माहीत आहे?"

त्या शुक्रवारी खिडक्यांना ओली पोती बांधली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पहिले तीन शब्द झाले. काकांनी दुसरा घेतला होता आणि चांगला बोलले होते. मग साहेब उभे राहिले आणि आईचं नाव घेतलं. चर्चमध्ये असं काही झालं की पंखेही थांबल्यासारखे वाटले, आणि खरं म्हणजे दोन पंख्यांतला एक बंदच होता.

आई पुढं गेली. नेमका तेव्हाच खाणीचा भोंगा वाजला, पाळी बदलायचा. एरवी बोलणारा त्या भोंग्याला वैतागायचा. आई दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली आणि तो पुरता संपेपर्यंत थांबली. मी तिच्याकडं पाहत होते. ती माझी रोजची आई होती, हाताला मनुकांचा डाग असलेली, आणि तरी मला तिची भीती वाटली. देवाच्या जवळ गेलेल्या माणसाची वाटावी तशी भीती.

"मले उपदेश येत नाही," ती म्हणाली. "येशूनं इचारलं, देवा, तू मले काऊन सोडलं. हे मी लहानपणापासून आयकत आली. पण त्याले उत्तर नाही आलं, हे मले कोणी सांगतलं नाही. तुमी पाहा शास्त्रात. नाही आलं."

काऊन! चर्चमध्ये पुस्तकातलं मराठी बोलायची रीत होती. साहेबसुद्धा मंचावर चढले की शुद्ध व्हायचे. आमच्या घरातला, चुलीपाशीचा, भांडणातला शब्द पहिल्यांदाच त्या जागेवरून बोलला गेला. कोणी हसलं नाही.

"मी याच जागी उभी होती. याच जागी मी आमेन म्हटलं, आणि तिकडं माह्या लेकराचा जीव गेला. त्या दिवसापासून तो शब्द माह्या तोंडात येत नाही. लोकायले वाटते मी रागानं म्हणत नाही. राग होता. लय होता. आता राग नाही. आता मी नुसती इचारून राह्यली. भाकर थापताना इचारते. मनुका शिजवताना इचारते. इथं झाडू मारताना इचारते. शेजारणीले नाही इचारत. नवऱ्यालेबी नाही इचारलं कधी. त्यालेच इचारते."

ती थांबली. मग जे बोलली ते अगदी हळू, पण मागच्या बाकापर्यंत गेलं.

"कधी कधी वाटते, तो नाहीच. तर तू आहे का नाही, हेबी मी त्यालेच इचारते."

बायांच्या बाजूला कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि बंद झाल्या.

"आता मी आतली का बाहेरची, ते तुमी ठरवा. माह्याजवळ आमेन नाही. इतकंच आहे." आणि ती येऊन आपल्या जागेवर बसली. प्रार्थना केली नाही.

आता आली पंचाईत! प्रार्थना नाही, तर आमेन कशाला म्हणायचं? नुसता प्रश्न करून बाई बसून गेली. सगळे साहेबांकडं पाहू लागले. साहेब मान खाली घालून बसले होते, उठायचं नाव नाही. ओल्या पोत्यांतून पाणी ठिबकत होतं ते ऐकू येत होतं. कोणी वरून खाली पाहत असेल, किंवा नसेल, पण आम्ही सगळे त्या घडीला वर पाहत होतो हे खरं.

गड्यांच्या बाजूला बाक करकरलं. दिवेवाले काका उठले. मी आईचा पदर धरला. वाटलं, आता हे बाहेरची म्हणणार, आणि कुंपणाजवळची ती जागा गेली.

काकांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. त्यांचा आवाज! दोन वेळा घसा खाकरला. मग आईकडं न पाहता बोलले.

"प्रभूनं मले काही सांगतलं नव्हतं."

कोणाला काही कळेना. त्यांनी समोरच्या बाकाला घट्ट धरलं होतं.

"लेकरू उठून बसंल, असं मी म्हटलं होतं. प्रभूनं नव्हतं सांगतलं. मले वाटलं होतं. लय मनापासून वाटलं, तं मी समजलो त्यानंच सांगतलं. मंग वहिनीले मीच बोलावून आणलं. खाटेजवळून उठवून आणलं." त्यांचा श्वास मोठ्यानं येत होता. "तुमी आमेन म्हणत नाही तं मले दर रविवारी वाटे, ह्या मलेच पाहून राह्यल्या. म्हून मले ते पाहिजे होतं तुमच्या तोंडून. मले नाही माहीत वहिनी, ते लेकरू काऊन गेलं. तवाबी नव्हतं माहीत. आजबी नाही माहीत."

ते उभेच राहिले. बसायचं भान नव्हतं त्यांना.

आणि माझ्या शेजारी, माझ्या खांद्याला खांदा लागलेला, आई म्हणाली, "आमेन."

मोठ्यानं नाही. चहा उकळला असं सांगावं तितक्या आवाजात. मी दचकून तिच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती काकांकडं पाहत होती. त्या दुपारी इतके उपदेश झाले, पण लेकरू गेलं त्या दिवसाबद्दल तिला आमेन म्हणावंसं वाटेल असं खरं वाक्य पहिल्यांदा कोणी बोललं असेल तर ते काकांचं हेच, "मले नाही माहीत." मग बाबा म्हणाले, आमेन. मग मागून, बाजूनं, एकेक करून सगळे. त्या दिवशी इंजिन नव्हतं, ज्याचा त्याचा डबा आपापला आला. काका तेवढे गप्प होते.

पंचांच्या सभेत तो विषय परत निघाला नाही.

आता तुम्हाला वाटेल, ईस्टरला आईनं पेला घेतला असेल. नाही घेतला. लोकांना गोष्टी पुऱ्या व्हायला आवडतात, देवाला तितकं नसावं. तिनं नेहमीसारखा तो शेजारणीला दिला. पुढं कितीतरी महिन्यांनी, एका साध्या रविवारी, कोणाला न सांगता तिनं एक घोट घेतला आणि घरी येताना म्हणाली, "गूळ कमी पडला वं." तेवढंच.

माझं दृढीकरण झालं. साहेबांनी विचारलं, विश्वास आहे काय? मी म्हटलं, आहे तेवढा आहे. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या पोराकडं सरकले.

पण एक नवी रीत आमच्या चर्चमध्ये पडून गेली, ती कोणी ठरवली नाही. प्रार्थना संपली की सगळ्यांचं आमेन व्हायचं आणि मग साहेब थोडं थांबायचे. सगळेच थांबायचे. पहिल्या बाकावर आई विचार करत बसलेली असायची. कधी तिचं आमेन यायचं, सगळ्यांच्या मागून, एकटीचं. कधी यायचंच नाही. मग साहेब हळूच पुढचं गाणं सांगायचे. पण थांबल्याशिवाय कधी सांगितलं नाही. तेलुगू मंडळीतले लोक कधी आमच्याकडं आले की त्यांना वाटायचं, ह्यांचा पाळक पुढचं विसरला. त्या थांबण्यात मला काय काय वाटायचं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. गाण्यांपेक्षा, उपदेशापेक्षा मला तेवढ्याच वेळात वाटायचं की इथं कोणीतरी आहे.

आई गेली तेव्हा मी संसाराला लागून बरीच वर्षं झाली होती. तिला तिच्या जागेवर ठेवलं, पोराच्या शेजारी. पाळक नवीन होते, तरुण, आधीच्या साहेबांची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी प्रार्थना चांगली केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आता मूठ मूठ माती टाकायची वेळ. पण कोणी वाकलं नाही. बाबा उभे, बाया उभ्या, खाणीतून निवृत्त झालेले ते सगळे म्हातारे उभे, हात तसेच.

पाळकांना काही समजेना. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि शेजारच्या दिवेवाल्या काकांना हळूच विचारलं, "काही राहिलं का?"

काकांना तेव्हा नीट दिसतही नव्हतं. काठीवर दोन्ही हात ठेवून, मान थोडी वाकडी करून ते ऐकत होते.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "वहिनीचं यायचं आहे."

आणि भर उन्हात आम्ही सगळे थांबलो.